दात नसलेलं यंत्र

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, भाद्रपदाच्या पाडव्याला, विदर्भात तान्हा पोळा भरतो. आदल्या दिवशी खऱ्या बैलांचा मान झालेला असतो. हा दिवस लाकडी बैलांचा आणि ते ओढत नेणाऱ्या पोरांचा. यवतमाळात देवळांच्या आवारात, चौकांत, मोकळ्या मैदानांत पोरं आपापले नंदी घेऊन ओळीनं उभी राहतात. कुणाचा नंदी वीतभर, कुणाचा दोघांनी मिळून उचलावा एवढा. शिंगांना बेगड, पाठीवर झूल, गळ्यात घुंगरं, पायांखाली चार चाकं. नंतर घरोघर जाऊन बोजारा, म्हणजे पोरांना मिळणारा खाऊ-पैसा, मागायचा. नागपूरच्या भोसल्यांच्या काळापासून ही रीत चालत आली, असं इकडे सांगतात. शेतीच्या गावात मुलाला बैलाची ओळख करून देण्याची इतकी सुंदर युक्ती दुसरी नसेल.

मी या गर्दीत झूल किंवा बेगड फारसं बघत नाही. मी नंदीची पाठ बघते, शिंगांची टोकं बघते, चाकांच्या कडा बघते. कारण पोराचा हात तिथेच जातो. तीन-चार वर्षांचं मूल नंदीला दोरीनं ओढत नाही, ते त्याला मिठी मारतं, गाल लावतं, त्याच्या कानाला चावून बघतं. पाठीवर एखादी कुसळ राहिली असेल, तर ती पोराच्या तळहातात जाणार, हे ठरलेलं. म्हणून लाकूड घासण्याचं काम मला कधी शेवटचं किंवा किरकोळ वाटलं नाही. कापणं, कोरणं, जोडणं हे करणाऱ्याचं कौशल्य. घासणं म्हणजे ज्याच्या हातात वस्तू जाणार आहे त्याचा विचार.

आमच्याकडे लाकूड म्हणजे साग. पांढरकवड्याकडे जा, उमरखेडकडे जा, वणीच्या अंगाला निघा, उन्हाळ्यात पानं गाळून उभं असलेलं सागाचं रान भेटतंच. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या बल्लारशाहचा सागवान २०२३ साली अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी रवाना झाला, तेव्हा मिरवणूक निघाली होती. असल्या मोठ्या कामांतून उरणाऱ्या फळकुटांपासून नंदी तयार होतात. फर्निचरच्या दुकानामागे पडलेले, पाय किंवा फळी होण्याच्या लायकीचे नसलेले तुकडे. सागात मुळातच तेल असतं, म्हणून वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही. आणि त्यात सिलिका असते, वाळूचा मुख्य घटक, म्हणून रंध्याची आणि पटाशीची धार त्यावर लवकर बोथट होते. हाती पॉलिश पेपर घेऊन नंदीच्या चार पायांमधली जागा घासायला बसलं की बोटं भरून येतात. तेव्हा मी टेबलावर बसणारं घासायचं यंत्र घेतलं, ज्याला बाजारात बेल्ट-डिस्क सँडर म्हणतात.

यंत्र छोटं आहे. एका अंगाला १०० मिलिमीटर रुंदीचा आणि ९१५ मिलिमीटर घेराचा काचकागदाचा पट्टा दोन रुळांवर फिरतो. दुसऱ्या अंगाला १५० मिलिमीटर व्यासाची लोखंडी तबकडी, तिच्यावर गोल काचकागद चिकटवलेला, आणि तिच्यासमोर छोटासा मेज. एकच मोटर दोन्ही फिरवते. करवतीच्या यंत्रासारखं पातं नाही, ड्रिलसारखं टोक नाही. बंद असताना बघितलं तर दळणाच्या चक्कीपेक्षाही गरीब वाटतं.

आमच्या गल्लीच्या टोकाला एका वाढईकाकांचं, म्हणजे सुतारकाकांचं, दुकान आहे. आयुष्य सागात गेलेलं. त्यांनी यंत्र बघितलं, तबकडीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, “आरीचे दात दिसते, म्हणून माणूस जपून रायते. हिचे दात दिसत नाई. म्हणून हिले जास्त भ्याचं, ताई.”

काकांचं बोलणं मी हिशोबानं पडताळलं. १५० मिलिमीटरच्या तबकडीचा परीघ साधारण ४७ सेंटीमीटर. माझी मोटर मिनिटाला १४४० फेरे घेते. म्हणजे तबकडीच्या कडेवरचा काचकागदाचा प्रत्येक कण सेकंदाला अकरा मीटरहून जास्त धावतो, ताशी ४० किलोमीटर. काही यंत्रांच्या मोटरी याच्या दुप्पट वेगाच्या असतात. डांबरी रस्त्यावर ताशी ४० च्या वेगानं जाणाऱ्या गाडीवरून हात खाली टेकवला तर काय होईल, तेच इथे होतं. फरक इतकाच की इथे रस्ता स्वतःहून तुमच्या हाताखाली येत राहतो. आणि ज्या कागदानं साग झिजतो, त्याच्यापुढे नख आणि कातडी किती वेळ टिकणार?

पण काकांच्या बोलण्यानं माझ्या डोक्यात दुसरंच काही सुरू झालं. आपण कशाला भितो आणि कशाला भीत नाही, हा या जिल्ह्यात राहणाऱ्या माणसासाठी पुस्तकी प्रश्न नाही. २०१८ साली राळेगाव आणि पांढरकवड्याच्या पट्ट्यात टी-१ वाघिणीची दहशत होती. तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका तिच्यावर होता. शेतात एकटं कुणी जाईना, जागलीला माणूस मिळेना, संध्याकाळ झाली की गावं दारं लावून बसत. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीजवळ तिला गोळी घातली गेली आणि देशभर त्याची चर्चा झाली. त्याच्या आदल्याच वर्षी, २०१७ च्या पावसाळ्याअखेरीस, याच जिल्ह्यात उंच वाढलेल्या कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडोंना दवाखान्यात भरती करावं लागलं. त्यांच्या अंगावर रोजचे कपडे होते, नाकातोंडाला फार तर रुमाल. वाघिणीला दात होते, नखं होती, पंजाचे ठसे होते. फवाऱ्याला यातलं काहीच नव्हतं. तो श्वासातून आणि कातडीतून आत गेला, आणि लोक दुसऱ्या दिवशी पुन्हा पंप पाठीला लावून रानात गेले, कारण अंगावर जखम नव्हती.

माझ्या टेबलावरच्या यंत्रात हे दोन्ही धोके एकत्र आहेत. एक चावणारा, एक तरंगणारा. पहिल्याचा बंदोबस्त यंत्र बसवतानाच बराचसा होतो, म्हणून त्याबद्दल आधी सांगते.

यंत्र जड असलं तरी नुसतं टेबलावर ठेवून चालवू नये. चालू मोटरच्या थरथरीनं ते हळूहळू सरकतं, आणि सरकणाऱ्या यंत्राला आवरायला आपला हात नेमका चुकीच्या जागी जातो. चार बोल्टांनी ते फळीला आणि फळी टेबलाला आवळून घ्यायची. प्लग तीन पिनांचा, आणि भिंतीतल्या सॉकेटला खरोखरचं अर्थिंग आहे का, हे वायरमनकडून एकदा तपासून घ्यायचं. जुन्या घरांत तिसरं भोक कित्येकदा नुसतं शोभेचं असतं.

यानंतरची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, आणि ती आमच्या भागातल्या माणसाला चटकन कळेल. शेतातल्या मोटरपंपाला आपण ऑटो बसवतो. रात्री-बेरात्री लाईट आली की पंप आपोआप सुरू व्हावा, म्हणून. घासायच्या यंत्राला याच्या बरोबर उलट हवं असतं. तबकडी फिरत असताना लाईट गेली, आपण बटण बंद करायचं विसरलो, पट्टा नीट करायला हात घातला आणि लाईट परत आली, तर ते यंत्र आपली वाट बघत थांबणार नाही. म्हणून बटण असं हवं की वीज गेली की ते स्वतःच बंद पडावं आणि वीज आल्यावर माणसानं पुन्हा दाबल्याशिवाय यंत्र हलू नये. स्टार्टरमध्ये जी नो-व्होल्ट कॉइल असते, तिचं कामच हे. असं बटण यंत्रावर नसेल तर इलेक्ट्रिशियन ते वेगळं बसवून देतो. भारनियमनाच्या भागात यंत्राच्या किमतीत याची किंमत धरूनच चालावं.

मग पट्टा. प्लग काढून, फक्त बटण बंद करून नव्हे, खटका सैल करायचा आणि पट्टा रुळांवर चढवायचा. पट्ट्याच्या आत बाण छापलेला असेल तर तो फिरण्याच्या दिशेला. पट्ट्याचा सांधा एकावर एक चिकटवलेला असेल आणि उलटा बसला, तर सांध्याची कड लाकडात अडकते आणि पट्टा फाटतो. पावसाळ्यात पडून राहिलेल्या पट्ट्याचा गोंद ओल धरतो. त्याचा सांधा हातानं वाकवून बघितल्याशिवाय चढवू नये. चढवल्यावर हातानं फिरवून बघायचा. नंतर प्लग लावून क्षणभर बटण दाबायचं आणि सोडायचं. पट्टा कुठल्या कडेला सरकतो ते बघायचं आणि बाजूची मूठ अगदी थोडी, पाव फेऱ्याहून कमी, फिरवून तो मध्यावर आणायचा. पुन्हा क्षणभर बटण. ही दाब-सोड करताना घाई करावीशी वाटते. पण कडेनं लोखंडाला घासणारा पट्टा काही मिनिटांत चिंध्या होतो, आणि त्या चिंध्या उडतात तेव्हा आपला चेहरा त्यांच्या वाटेवर असतो. म्हणून चष्मा याच वेळेपासून डोळ्यांवर हवा, लाकूड हातात घेतल्यावर नव्हे.

तबकडीच्या बाजूला दोन गोष्टी मापून घ्यायच्या. मेज आणि तबकडी यांच्यातली फट दीड मिलिमीटरपेक्षा जास्त नको. फट मोठी असली की बारीक तुकडा तिच्यात ओढला जातो, आणि तुकड्यामागून बोट. आणि मेज तबकडीशी काटकोनात आहे का, हे गुण्या लावून बघायचं. मेजाच्या बाजूला अंशांच्या खुणा छापलेल्या असतात, त्यांच्यावर माझा विश्वास नाही, गुण्यावर आहे.

सगळ्यात महत्त्वाचं मात्र तबकडीची बाजू. समोरून बघितलं तर माझी तबकडी घड्याळाच्या उलट फिरते. म्हणजे तिची डावी बाजू खाली जाते आणि उजवी वर येते. डाव्या बाजूला लाकूड धरलं की तबकडी ते मेजावर दाबून धरते. उजव्या बाजूला धरलं की तेच लाकूड वर उचललं जातं आणि तोंडावर फेकलं जातं. तबकडीचा अर्धा भाग आपल्याला मदत करतो आणि अर्धा घात करतो, आणि दोन्ही अर्धे दिसायला एकसारखे. मी मेजावर खडूनं मधोमध रेघ मारली आहे आणि उजवीकडे फुली. पाहुण्यांच्या पोरांना यंत्र दाखवताना मी आधी ती फुली दाखवते.

लाकडावर जोर देऊ नये. कागद कापतो, जोर नाही. जोर दिला की सागातलं तेल तापून कागदाच्या कणांमध्ये चिकटतं, कागद चकचकीत होतो, कापायचं थांबतो आणि लाकडाला काळा डाग पडतो. मग माणूस आणखी जोर देतो. तुंबलेला पट्टा साफ करायला बाजारात रबराची कांडी मिळते. जुन्या चपलेच्या पांढऱ्या क्रेपच्या तळव्याचा तुकडाही तेच काम करतो. चालत्या पट्ट्यावर तो टेकवला की अडकलेला भुसा त्याला चिकटून निघतो आणि पट्टा पुन्हा नव्यासारखा कापू लागतो. ही युक्ती कळल्यापासून आमच्याकडे तुटलेल्या चपला फेकल्या जात नाहीत.

नंदीची चाकं या यंत्रावर फार छान होतात. एका फळीत बारीक खिळा उलटा ठोकायचा, त्याचं टोक वर. चाकाच्या मध्यभागी भोक पाडलेलं असतंच, कारण तिथून आस जाणार. ते भोक खिळ्यावर बसवायचं, फळी मेजावर सरकवून चौकोनी तुकडा तबकडीला भिडवायचा आणि पकडून ठेवलेल्या फळीवर तुकडा हळूहळू गोल फिरवायचा. कोपरे जातात आणि चाक निघतं, कंपासनं काढल्यासारखं गोल. यात बोटं तबकडीपासून लांब राहतात, आणि चारही चाकं एका मापाची होतात. शिंगांसारखे छोटे तुकडे मात्र कधीही नुसत्या बोटांत धरून घासायचे नाहीत. लांब दांडक्याला आधी ती शिंगं स्क्रूनं किंवा गोंदानं जोडायची, दांडकं धरून घासायची आणि शेवटी कापून सुटी करायची. बोट आणि कागद यांच्यात नेहमी दोन इंच लाकूड राहिलं पाहिजे, हा मी पाळलेला नियम आहे आणि त्याला मी सणासुदीची घाईसुद्धा आड येऊ देत नाही.

आता अंगावरच्या वस्तूंबद्दल. यंत्रासोबतच्या कागदांत लिहिलेलं असतं की सैल कपडे घालू नका, दागिने काढा, केस बांधा. हे लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पँट-शर्ट घातलेला पुरुष असावा. आमच्याकडच्या बाईसाठी याचा अर्थ वेगळा होतो. ओढणी, पदर, वेणी, मंगळसूत्र, बांगड्या, यातलं प्रत्येक तबकडीच्या ओढीत सापडू शकतं. बांगड्या उतरवण्याबद्दल घरातल्या मोठ्यांना काय वाटतं, हे इथे वेगळं सांगायला नको. मी सासूबाईंना यंत्रासमोर नेलं आणि प्लग काढलेल्या तबकडीला दोऱ्याचं टोक चिकटवून हातानं एकच फेरा दिला. दोरा रिळावरून सरसर गुंडाळला गेला. त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनीच झाकणाचा एक डबा आणून टेबलावर ठेवला, बांगड्या आणि मंगळसूत्र ठेवायला. आता त्या डब्यात माझे दागिने पडल्याशिवाय यंत्राचं बटण दाबलं जात नाही. उन्हाळ्यात पारा ४४ वर जातो, पत्र्याखाली घामानं हात निसटतात आणि हातमोजे घालावेसे वाटतात. तेही नाही. काचकागद हातमोज्याचं कापड पकडतो आणि कापडाबरोबर हात ओढतो. घाम पुसायला कापड जवळ ठेवावं, ऊन उतरल्यावर काम करावं.

इथपर्यंत चावणाऱ्या धोक्याचं झालं. तो समजायला सोपा आहे. चूक केली की त्याच क्षणी रक्त येतं, आणि रक्त माणसाला शिकवतं. तरंगणारा धोका शिकवत नाही.

इंग्लंडमध्ये बकिंगहॅमशर परगण्यात हाय विकम नावाचं गाव आहे. खुर्च्यांसाठी प्रसिद्ध. तिथे पिढ्यान्‌पिढ्या लाकडी खुर्च्या बनत आल्या. १९६० च्या दशकात त्या भागातल्या कान-नाक-घशाच्या डॉक्टर एस्मे हॅडफिल्ड यांच्याकडे नाकाच्या आतल्या पोकळीच्या कर्करोगाचे रुग्ण येऊ लागले. हा आजार एरवी इतका विरळा की एखाद्या डॉक्टरला तो क्वचितच दिसावा. इथे ते एकामागून एक येत होते, आणि बहुतेकांचा धंदा एकच निघत होता, फर्निचर. हॅडफिल्ड, रोनाल्ड मॅकबेथ आणि डोनाल्ड अ‍ॅचेसन यांनी हे प्रकरण धसास लावलं आणि १९६८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्यांचा अभ्यास छापून आला. लाकडावर काम करणाऱ्यांमध्ये या आजाराचं प्रमाण इतरांपेक्षा कित्येक पटींनी जास्त होतं. आणि धुळीत काम सुरू केल्यापासून आजार दिसेपर्यंत साधारण चाळीस वर्षं जात होती. वयाच्या पंधराव्या वर्षी दुकानात आलेल्या पोराला पंचावन्नाव्या वर्षी त्या दुकानाचं देणं फेडावं लागत होतं. पुढे १९९५ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं लाकडाच्या धुळीला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं, ज्या गटात तंबाखूचा धूर आणि अ‍ॅस्बेस्टॉस आहेत.

घरी वर्षाला चार-दोन नंदी घासणाऱ्या माझ्यासारखीनं यामुळे घाबरून यंत्र विकायचं कारण नाही. तो आजार विरळाच आहे आणि वर्षानुवर्षांच्या धुळीतून येतो. पण वाढईकाकांच्या दुकानात काम करणारा पोरगा रोज आठ तास धुळीत असतो. आणि सागाची धूळ नुसती धूळ नाही. सागात लॅपॅकॉलच्या जातीची द्रव्यं असतात, त्यांनी काही जणांच्या हाताला, मानेला, पापण्यांना खाज सुटते, पुरळ येतं, आणि एकदा अंगानं सागाशी वैर धरलं की पुढे थोड्या धुळीनंही ते उफाळतं. करवतीचा भुसा जाड असतो, तो खाली पडतो, झाडून टाकता येतो. घासायच्या यंत्राची धूळ वेगळी. ज्या कणाचा घात होतो तो डोळ्याला दिसत नाही. १० मायक्रॉनच्या आतला, केसाच्या जाडीच्या सातव्या-आठव्या हिश्शाएवढा, तो हवेत तासन्‌तास राहतो. यंत्र बंद झालं, माणूस खाली बसून भाकर खायला लागला, तरी तो तिथेच असतो आणि श्वासाबरोबर आत जातो.

आमच्याकडे सगळ्याला एक उपाय, दुपट्टा. उन्हात दुपट्टा, फवारणीला दुपट्टा, धुळीला दुपट्टा. उन्हासाठी तो खरंच चांगला. बारीक धुळीपुढे मात्र सुती कापडाचं विणकाम म्हणजे उघडं फाटक आहे, आणि त्याची लोंबती टोकं तबकडीजवळ गेली तर पहिला धोकाही ओढवतो. धुळीसाठी मास्क हवा तो भारतीय मानक ९४७३ मधला, एफएफपी-२ प्रतीचा, म्हणजे निदान ९४ टक्के बारीक कण अडवणारा. नाकावरची पट्टी दाबून बसवायची. चष्म्यावर वाफ धरत असेल तर मास्क नीट बसलेला नाही असं समजायचं. करोनाच्या काळात गावोगावी मास्क पोहोचले, लोकांना तो घालायची सवय झाली. ती सवय सुताराच्या दुकानात टिकली असती, तर त्या वाईट काळातून निदान एवढं तरी हाती लागलं असतं.

मास्क हा तरीही दुसरा बचाव. पहिला बचाव म्हणजे धूळ हवेत जाऊच न देणं. यंत्राच्या मागे धूळ बाहेर पडायचं तोंड असतं. त्याला ओढून घेणारा व्हॅक्यूम जोडायचा. आणि काम झाल्यावर झाडू मारायचा नाही, कपड्यांवर कॉम्प्रेसरचा फवारा तर मुळीच नाही. दुकानांत मी हे रोज बघते. पोरं संध्याकाळी हवेचा पाइप अंगावर धरून एकमेकांना हसत साफ करतात, आणि दिवसभर जी धूळ खाली बसली होती तिला पुन्हा नाकाच्या उंचीवर आणतात. ओल्या कापडानं पुसावं. वेळ जातो, पण धूळ जागेवर मरते.

कायद्याचं बोलायचं तर १९४८ च्या फॅक्टरी कायद्याच्या २१ व्या कलमात फिरत्या यंत्रांना आडोसा घालायचं बंधन होतं. पण त्या कायद्याची मूळ व्याख्याच विजेवर चालणाऱ्या जागी १० कामगारांपासून सुरू झाली. काका, त्यांचा मुलगा आणि दोन पोरं असलेलं दुकान त्या कायद्याच्या उंबऱ्याबाहेरच राहिलं, आणि आपल्याकडचं बहुतेक लाकूडकाम अशाच दुकानांत होतं. १७ सप्टेंबर २०२३ ला पंतप्रधान विश्वकर्मा योजना सुरू झाली. अठरा पारंपरिक धंद्यांत सुतारकाम आहे, प्रशिक्षण आहे, अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत आहे. योजनेला वर्ष झालं तो कार्यक्रम २० सप्टेंबर २०२४ ला आमच्या शेजारी वर्ध्यातच झाला. ही मदत मला मोलाची वाटते. ज्याच्या हाती आजवर रंधा आणि काचकागदच होता, त्याच्या हाती यंत्र येतंय. पण जिथे यंत्र देतो तिथे मास्कचं खोकं आणि धूळ ओढायची पिशवीही द्यायला हवी, आणि शिकवण्याच्या दिवसांतला एक दिवस फक्त धुळीला द्यायला हवा. कीटकनाशकाच्या बाटलीनं दिलेला धडा या जिल्ह्यानं माणसं गमावून घेतला आहे. तो दुसऱ्या धंद्यात पुन्हा शून्यापासून शिकायची वेळ येऊ नये, असं मला फार आतून वाटतं.

एक गोष्ट अजून, कारण ती आमच्या स्वयंपाकघरातून येते. घासून झालेल्या नंदीला मी रसायनाचं पॉलिश लावत नाही. पोर तो तोंडात घालणार. आमच्याकडे जवस पिकतो, जवसाची चटणी ताटात असते, तेलही मिळतं. ८०, मग १२०, मग १८० नंबरचा कागद झाला, शेवटचा हात रेषांच्या दिशेनं हातानंच फिरवला, की जवसाचं तेल सुती फडक्यानं लाकडात जिरवायचं. साग मधाच्या रंगाचा होतो. पण ते तेलानं भिजलेलं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकायचं नाही. जवसाचं तेल वाळताना हवेतला प्राणवायू घेतं आणि तापतं. फडक्याच्या घडीत ती उष्णता अडकते आणि काडी न लावता फडकं पेट घेऊ शकतं. शेजारी सागाचा बारीक भुसा असेल तर पुढचं सांगायला नको. फडकं तारेवर पसरून उघड्यावर वाळवावं किंवा पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवावं. याच कारणानं या यंत्रावर लोखंड घासू नये. लोखंडाची ठिणगी भुशाच्या पिशवीत गेली तर ती आत तासभर धुमसत राहते.

काकांच्या दुकानात मी आता व्हॅक्यूम घेऊन जाते आहे. त्यांच्या यंत्राचं धुळीचं तोंड मोठं आहे आणि व्हॅक्यूमचा पाइप बारीक. बाजारात दोघांना जोडणारा तुकडा मिळाला नाही. काकांच्या पोरानं ट्रकच्या जुन्या ट्यूबचा एक तुकडा कापून आणला, दोन्ही टोकांना तार आवळली. पहिल्या दिवशी हवा बाजूनं निघत होती. त्यानं रबराच्या खाली कपाशीच्या सरकीवरचा थोडा कापूस दाबून बसवला आणि पुन्हा तार आवळली. आता पट्ट्यावर साग टेकवला की धूळ सरळ आत जाते, निम्म्याहून जास्त तरी. उरलेल्यासाठी मास्क. काका अजून दुपट्टाच बांधतात. मास्कमध्ये त्यांचा जीव घाबरतो म्हणतात. त्यांच्यासाठी पुढे झडप असलेला मास्क आणायला सांगितलाय, त्यात श्वास सोडणं सोपं जातं. पोळ्याच्या आधी तो आला पाहिजे, कारण यंदा त्यांच्याकडे नंद्यांच्या बऱ्याच ऑर्डरी आहेत.